रुपराव हाजरीबाबू आणि खुशीची पहिली मॅच

आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत रुपरावांना नावाने कोणी हाक मारत नाही. ते हाजरीबाबू. सावनेरकडच्या एका कोळसा खाणीत त्यांनी एकतीस वर्षं कामगारांची हजेरी घेतली. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण हजेरी काही थांबली नाही. सकाळी फाटकाशी उभे राहून ते गल्लीची हजेरी घेतात. दूधवाला आला, पेपरवाला उशिरा आला, समोरच्या फ्लॅटमधलं कुत्रं आज दिसलं नाही. मी एकदा लग्नाला म्हणून चार दिवस अमरावतीला गेलो. परत आलो तर रुपरावांनी बॅग हातात असतानाच अडवलं. "चार दिवस गैरहाजर. अर्ज नाही, काही नाही." मी खरोखरच अर्ज लिहून द्यायच्या बेतात होतो.

हजेरीनंतर त्यांच्या आयुष्यात दुसरी गोष्ट फुटबॉल. खाणीच्या संघात ते गोलकीपर होते. डाव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकडी आहे आणि चहाचा कप धरला की ती वेगळ्याच दिशेला बोट दाखवते. नागपुरात कुठेही फुटबॉलची मॅच असली, अगदी शाळेच्या पोरांची असली, तरी रुपराव गोलच्या मागे उभे. आणि एक नियम पक्का. शेवटची शिट्टी वाजल्याशिवाय मैदान सोडायचं नाही. पाळी संपल्याचा भोंगा व्हायच्या आत खाणीतून कोणी वर येतं का, असा त्यांचा सवाल. पाऊस असो, पोटात दुखत असो, स्कोअर सात-शून्य असो.

या हिवाळ्यात शहरात बातमी आली की दोन व्यावसायिक संघ, एक गोव्याकडचा आणि एक बंगालकडचा, नागपूरच्या स्टेडियमवर सामना खेळायला येणार. टीव्हीवर दिसणारे खेळाडू, खरे, हाडामांसाचे. रुपरावांनी चार तिकिटं काढली आणि घरी जाऊन जाहीर केलं की यंदा खुशी येणार.

खुशी म्हणजे नात. साडेसहा वर्षांची, पहिलीत. पुढचे दोन दात पडलेले. ती आजोबांबरोबर टीव्हीवर मॅच बघते आणि गोल झाला की सोफ्यावरून उडी मारते. कोणत्याही बाजूचा झाला तरी मारते. स्टेडियममध्ये जायचं हे तिने ऐकलं आणि त्या क्षणापासून तिच्या दृष्टीने प्रश्न फक्त कपडे कोणते घालायचे एवढाच उरला.

मोठ्यांच्या दृष्टीने मात्र प्रश्न तिथेच सुरू झाला. खुशीचा बाप धम्मदीप. विमा कंपनीसाठी अपघात झालेल्या गाड्यांची तपासणी करतो. दिवसभर चेपलेली दारं आणि फुटलेल्या काचा बघून माणसाचं जे व्हायचं ते त्याचं झालं आहे. समोर धडधाकट वस्तू ठेवली तरी ती कुठून फुटेल ते त्याला आधी दिसतं. तो म्हणाला, दहा वर्षांची होऊ द्या, मग पाहू.

"दहा वर्षाची पोट्टी आबाजीसंगं येते का कुठं?" रुपराव म्हणाले. "मैत्रिणी सोडून?"

मग वाद रंगला, आणि आमची घरं लागून असल्यामुळे तो मलाही मिळाला. रुपरावांचं म्हणणं, पोट्टी दर वर्षी दीक्षाभूमीवर येते, लाखो लोकांतून फिरते, एकदा तरी घाबरली का? धम्मदीप म्हणाला, तिथे लोक शिस्तीत रांगेनं चालतात, तिथे कोणी गोल मारत नाही. रुपराव म्हणाले, गोल झाला तर आनंदच होते ना गा. त्यावर धम्मदीप गप्प बसला. तो गप्प बसला की घरात सगळ्यांना कळतं की आता विषय खुशीचा राहिलेला नाही.

कारण या घरात मुलाला मॅचला नेण्याचा प्रयोग एकदा झालेला होता. बत्तीस वर्षांपूर्वी. तेव्हा ते लोक खाणीच्या कॉलनीत राहायचे. बाहेरचा मोठा संघ खाणीच्या संघाशी खेळायला आला होता. रुपरावांचं गुडघ्याचं दुखणं तेव्हा जोरात, म्हणून ते त्या दिवशी बाहेर बसले होते आणि चार वर्षांचा धम्मदीप त्यांच्या खांद्यावर. विसाव्या मिनिटाला खाणीच्या पोरांनी गोल केला, कोणीतरी फटाक्यांची लड लावली आणि धम्मदीपने जो सूर लावला तो मॅच संपेपर्यंत सोडला नाही. शेवटी त्याने पाहुण्या संघाच्या सेक्रेटरीच्या पांढऱ्या सफारीवर सकाळचा पोहा काढून ठेवला. त्यानंतर धम्मदीप कधी मैदानात गेला नाही. टीव्हीवर मॅच लागली तरी तो उठून आत जातो. विचारलं तर म्हणतो, मले त्यात काही समजत नाही.

ही गोष्ट अंजनाबाई, म्हणजे रुपरावांच्या घरच्या, दर दिवाळीला हसतहसत सांगायच्या. सफारीपर्यंत आल्या की त्यांना पुढे बोलवत नसे. त्या दिवशी मात्र सून मेघा मध्ये पडली. मेघा धरमपेठेतल्या शाळेत शिकवते, पन्नास पोरांचा वर्ग नुसत्या भुवईवर चालवते. ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, यांची बाजू मला पाठ आहे. तुमची मी कधी ऐकली नाही."

रुपरावांनी चहाचा कप खाली ठेवला. करंगळी तशीच वर राहिली.

"चुकलो मी तवा," ते म्हणाले. बोलले मेघाशी, पण बघत होते पोराकडे. "पोट्टं रडून राहिलं होतं अन् मी मॅच पाहून राहिलो होतो."

मग अंजनाबाई म्हणाल्या, "अजी, एवढं बोलाले बत्तीस वर्षं लागले तुमाले?"

धम्मदीप पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेला आणि बराच वेळ पाणी पीत राहिला. बाहेर आला तेव्हा मेघाने एका कागदावर अटी लिहून ठेवल्या होत्या. मॅचला तीन आठवडे आहेत, तेवढ्यात बाबांनी खुशीची तयारी करून दाखवायची. धम्मदीपने सोबत जायचं. आणि खुशी ज्या क्षणी "झालं माझं" म्हणेल त्या क्षणी धम्मदीपने उठून तिला बाहेर आणायचं. पाच मिनिटं, दोन मिनिटं, एवढा कॉर्नर होऊ दे, असलं काही चालणार नाही. रुपरावांनी खाली सही केली. सवयीने वेळही टाकली.

आता तयारी. खाणीत नवा माणूस भरती झाला की त्याला पहिल्याच दिवशी खाली सोडत नाहीत. आधी वर बसवून शिकवतात. मग दिवा देऊन खाणीच्या तोंडापर्यंत नेतात. मग जुन्या माणसाच्या मागे थोडं आत, आणि परत वर. साडेसहा वर्षांच्या मुलीला फुटबॉलसाठी तयार करायची दुसरी रीत रुपरावांना माहीत असण्याचं कारणच नव्हतं. त्यांनी पत्र्याचा एक गोल बिल्ला कापून त्यावर खिळ्याने सात आकडा ठोकला आणि खुशीच्या गळ्यात अडकवला. खाली जाणाऱ्याने बिल्ला घ्यायचा, वर आला की जमा करायचा. खुशी तो गळ्यात घालून शाळेत गेली, आणि मेघाच्या म्हणण्याप्रमाणे आठवड्याभरात अर्ध्या वर्गाच्या गळ्यात पुठ्ठ्याचे बिल्ले आले.

पहिली तयारी एका जागी बसण्याची. संध्याकाळी तलावाकाठच्या बाकावर दोघं बसायचे. मोबाइल नाही. प्रश्न कितीही विचारायचे, फक्त "कधी संपेल" हा विचारायचा नाही. पहिल्या दिवशी खुशी अकरा मिनिटं टिकली. त्यात तिने आबाजींच्या कानातले केस मोजले. दुसऱ्या आठवड्यात ती पंचवीसवर गेली. तिसऱ्या आठवड्यात मी तिकडून चाललो होतो तर खुशी तोंडावर बोट ठेवून मला खुणावत होती. पूर्ण पंचेचाळीस मिनिटं झाली होती. ती जागी होती. रुपराव अडतिसाव्या मिनिटाला झोपले होते. तिने घरी जाऊन हे जसंच्या तसं सांगितलं, कारण हजेरी खरी लावायची असते असं तिला शिकवलं होतं.

दुसरी तयारी आवाजाची. लग्नसराई होती. रुपराव खुशीला घेऊन वरातींच्या मागे जायला लागले. आधी वीस पावलं मागून, मग दहा, मग थेट बँडच्या शेजारून. एका वरातीत दोघं इतके रमले की थेट मंडपात पोचले. नवरीच्या काकांना वाटलं मुलाकडचे वडीलधारे आहेत. त्यांनी रुपरावांना गुलाबपाणी शिंपडून पुढच्या सोफ्यावर बसवलं आणि खुशीच्या हातात दोन बुंदीचे लाडू दिले. आता उठून जायचं तर काय सांगून जायचं? दोघं मंगलाष्टकं होईपर्यंत बसले, अक्षता टाकल्या, जेवले आणि वधूवरांसोबत फोटोही काढला. अंजनाबाईंनी विचारलं, कोणाचं लग्न होतं? रुपरावांना सांगता येईना. खुशी म्हणाली, "आवाजाचं होतं."

तिसरी तयारी हरवण्याची. खाणीत वाट चुकलेल्याने चालत सुटायचं नाही. आहे तिथे थांबायचं, आपलं नाव नि नंबर सांगायचा, शोधणारा येतो. हे खुशीकडून पाठ करून घेतलं आणि आठवडी बाजारात प्रयोग करायचा ठरला. पण रुपराव एका ठेल्यावरचे फुटबॉलचे बूट न्याहाळत उभे राहिले आणि प्रयोग आपोआपच झाला. दहा मिनिटांनी त्यांच्या ध्यानात आलं. धावत मागे आले तर खुशी मेथीच्या ढिगाशेजारी शांत उभी. भाजीवालीला ती समजावून सांगत होती की माझे आबाजी हरवले आहेत, रंग सावळा, टोपी मळकी, घाबरू नका, ते येतील. भाजीवालीने रुपरावांकडे असं पाहिलं की त्यांना नको असताना मेथीच्या चार जुड्या घ्याव्या लागल्या.

या सगळ्याचा अहवाल रोज रात्रीच्या जेवणात धम्मदीपपुढे सादर व्हायचा. तो चेहऱ्यावर काही दाखवायचा नाही. पण मॅचच्या आदल्या दिवशी त्याने गुपचूप स्टेडियमवर जाऊन बाहेर पडायची दारं, पायऱ्या आणि मुतारी कुठे आहे ते पाहून ठेवलं. मला म्हणाला, "पोट्टीसाठी गा." मी काहीच विचारलं नव्हतं.

रविवारी चार वाजताचा सामना. चौथं तिकीट मेघाचं होतं, पण ती म्हणाली की माझे पेपर तपासायचे आहेत, आणि ते तिकीट माझ्याकडे आलं. म्हणून पुढचं मी पाहिलेलं आहे, निम्मं तरी.

आम्ही गोलच्या मागच्या बाजूला बसलो. मधोमध खुशी. एका बाजूला आजोबा, दुसऱ्या बाजूला बाप, आणि बापाच्या मांडीवर पिशवी. पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, स्वेटर, कापूस, ग्लुकोज, बँडेज आणि एक छत्री. डिसेंबर होता, आकाश स्वच्छ होतं. छत्री कशाला म्हणून मी विचारलं, तर तो म्हणाला, वरून बाटली-गिटली येते.

खुशीची हजेरी उत्तम चालू होती. तिचे प्रश्न एकामागून एक सुटत होते. तो पिवळा माणूस एकटाच का उभा आहे? त्याला कोणी खेळायला घेत नाही का? तो गोव्याचा गोलकीपर होता. मग तिने ठरवलं की आपण त्याच्या बाजूचे. रुपराव जन्मभर बंगालचे; त्यांनी क्षणभर विचार केला आणि तेही गोव्याचे झाले. अठराव्या मिनिटाला बंगालने गोल केला. ढोल वाजले, मागचे लोक उभे राहिले, कोणीतरी पिपाणी फुंकली. धम्मदीपने झटकन पिशवीतून कापूस काढला. पण खुशी कानांवर हात ठेवून, डोळे मोठे करून, बोळक्या तोंडाने खो खो हसत होती. कापूस त्याच्या हातात राहिला. थोड्या वेळाने मी पाहिलं तर त्याने तो स्वतःच्याही कानात घातला नव्हता.

मध्यंतराच्या थोडं आधी गोव्याने बरोबरी केली. आता मी धम्मदीपकडे जास्त बघायला लागलो. आधी तो फक्त खुशीवर नजर ठेवून होता. मग एक डोळा खुशीवर, एक मैदानावर. मग पिशवी मांडीवरून खाली पायाशी गेली. दुसऱ्या हाफमध्ये एका पोराने उजव्या कडेने तिघांना चकवलं तेव्हा धम्मदीपच्या तोंडून जो आवाज निघाला तसा गाडीचा ब्रेक लागल्यावर निघतो. त्याने बापाला विचारलं, "त्याले काहून थांबवलं? तो तं चांगला पळून राहिला होता." रुपरावांनी ऑफसाइड समजावून सांगितलं. धम्मदीप म्हणाला, हा तर अन्याय आहे. रुपराव म्हणाले, समजलं तुले.

आणि मग, सत्तराव्या मिनिटाला, स्कोअर एकास एक, गोव्याला गोलच्या अगदी समोर फ्री किक मिळालेली, बंगालचे पाच जण भिंत करून उभे, सगळं स्टेडियम श्वास धरून बसलेलं, तेव्हा खुशीने आजोबांची बाही ओढली. "आबाजी, झालं माझं."

रुपरावांनी पोराकडे पाहिलं. अट लिहिलेली होती, उठायचं काम धम्मदीपचं होतं. धम्मदीप उठलेलाच होता. पण तो उभा होता मैदानाकडे तोंड करून, दोन्ही हात डोक्यावर धरून.

"धम्मा," रुपराव म्हणाले.

"दोन मिनिटं, बाबा," धम्मदीप म्हणाला. मान न वळवता.

मेघाच्या अटीत नेमकं हेच करायचं नाही असं लिहिलं होतं. रुपरावांना ते म्हणून दाखवता आलं असतं. मला वाटलं म्हणतील. त्यांनी एकदा मैदानाकडे पाहिलं. चेंडू ठेवलेला होता, मारणारा चार पावलं मागे सरकत होता. एकदा त्यांनी पोराच्या पाठीकडे पाहिलं. मग त्यांनी गुडघ्यावर हात टेकून अंग उचललं, खुशीचं बोट धरलं आणि मला फक्त एवढं म्हणाले, "त्याले पाहू द्या."

मीही त्यांच्यामागे निघालो. सांगायला लाज वाटते, पण पायऱ्या उतरताना मी दोनदा मागे वळून पाहिलं. रुपरावांनी एकदाही पाहिलं नाही.

बाहेर फाटकाशी एक फुटाणेवाला होता. तिघं पायरीवर बसलो. खुशीला काहीही झालेलं नव्हतं. तिला कंटाळा नव्हता, भीती नव्हती, तिचं फक्त झालं होतं. जसं जेवताना पोट भरतं तसं. तिने फुटाण्यांची साल काढून माझ्या तळहातावर जमा करायला सुरुवात केली. आतून गलका उठला आणि मध्येच तुटला.

"काय झालं, आबाजी?"

रुपरावांनी डोळे मिटले. "भिंतीले लागला चेंडू. लोकं 'हो' म्हणाले अन् मग गिळलं."

मग पाव तास त्यांनी आम्हाला सगळा सामना कानाने ऐकवला. हा गलका डावीकडून आला, कॉर्नर आहे. हे हसले, कोणीतरी घसरून पडलं. हा बारीक सूर आहे, रेफरीवर ओरडून राहिले. खाणीच्या वर बसून खालचं काम कसं चाललंय ते त्यांनी एकतीस वर्षं असंच ओळखलं होतं. खुशी पूर्ण विश्वासाने ऐकत होती. मध्ये ती म्हणाली की आतल्यापेक्षा इथून चांगलं दिसतं. रुपराव इतके हसले की फुटाणा घशात अडकला आणि मला त्यांच्या पाठीत बुक्के मारावे लागले.

त्याच वेळी आत असा काही आवाज झाला की फाटकावरची कबुतरं उडाली. रुपराव खोकत होते, त्यामुळे तेवढा एक त्यांच्या कानातून सुटला.

शेवटची शिट्टी ऐकू आली आणि लोक बाहेर पडायला लागले. बऱ्याच गर्दीनंतर धम्मदीप आला. शर्ट पँटमधून बाहेर, केस उभे, पिशवी नाही. ती तो आतच विसरला होता आणि त्याला ते अजून माहीत नव्हतं. आधी त्याने खुशीला चाचपून पाहिलं, मग बापासमोर उभा राहिला. अट मोडली होती, ते त्याला आत्ता आठवलेलं चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"बाबा, मी... ते दोन मिनिटं..."

"ते जाऊ दे," रुपराव म्हणाले. "गोल कोणी मारला? आवाज मोठा होता."

"गोव्यानं."

"कोणत्या पायानं?"

धम्मदीपने आठवून पाहिलं. "पायानं का डोक्यानं, मले नाही सांगता येत, बाबा. मी त्या वक्ताले बाजूच्या माणसाच्या गळ्यात पडलो होतो."

"कोण होता तो?"

"काय माहीत. पोट मोठं होतं त्याचं."

खुशीने विचारलं की तो पिवळा माणूस जिंकला का. जिंकला, धम्मदीप म्हणाला, आणि मग त्या पिवळ्या माणसाने शेवटच्या मिनिटाला काय केलं ते सांगायला लागला. सांगताना त्याने रस्त्याच्या मधोमध डावीकडे सूर मारून दाखवला. मागून येणारा ऑटोवाला थांबला. रुपराव बाजूला झाले नाहीत. तिथेच उभं राहून ते म्हणाले, असा नाही मारत गा, हात आधी जाते, अंग मागून. धम्मदीपने परत मारून दाखवला. ऑटोवाल्याने इंजिन बंद केलं.